सिकलसेलची वेदना आणि मनाची सजगता

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

सिकलसेल या आजाराविषयी आपल्या राज्यात आजवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. रक्ततपासणी, औषधोपचार, विवाहपूर्व समुपदेशन यांची माहिती आपणांपैकी अनेकांना आहे. काहींनी तर आपापल्या गावात तपासणी शिबिरे भरविण्यास प्रत्यक्ष हातभार लावला आहे. आज मी या आजाराच्या एका उपेक्षित अंगाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ते अंग म्हणजे रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबाच्या मनावर पडणारा भार, आणि तो पेलण्यास उपयोगी पडणारी मनाची सजगता.

हा विषय डॉक्टरांचा आहे, त्यात आपले काय काम, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. नियमित उपचार घेणारा रुग्ण महिन्यातून फार तर एकदोन वेळा दवाखान्यात जातो. उरलेले सर्व दिवस तो घरी, शाळेत, शेतावर, मजुरीच्या कामावर आणि गावच्या चारचौघांत काढतो. त्याच्या रक्ताची काळजी दवाखाना घेईल. त्याच्या मनाशी मात्र रोज गाठ पडते ती आपली. म्हणून हा विषय आपला आहे.

आजाराचे स्वरूप

प्रथम आजाराचे स्वरूप थोडक्यात पाहू. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून पार होतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या रचनेत एक अगदी लहानसा बदल असतो. प्राणवायू कमी पडला की हे बदललेले हिमोग्लोबिन पेशीच्या आत ताठ तंतूंच्या रूपाने साचते आणि पेशीला विळ्यासारखा बाक येतो. अशा कडक पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा खुंटतो आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय, डोळ्यांत पिवळेपणा व सततचा थकवा ही लक्षणे दिसतात.

या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१० साली अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. भारतात या आजाराची नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासी जमातींत झाली. आपल्या राज्यात विदर्भातील अनेक जिल्ह्यांत, त्याचप्रमाणे नंदुरबारसारख्या सातपुड्याच्या भागात तो आढळतो. आदिवासी समाजाबरोबरच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही त्याचे रुग्ण आहेत.

हा आजार स्पर्शाने, सहवासाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तो आईवडिलांकडून जन्मतः येतो. केवळ आईकडून किंवा केवळ वडिलांकडून सदोष जनुक आलेली व्यक्ती वाहक होय. वाहक हा रुग्ण नव्हे. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. अशा कुटुंबात मूल आजारी जन्मले तर त्यात आई व वडील या दोघांचाही वाटा सारखाच असतो, आणि दोष कोणाचाच नसतो.

या जनुकाची आणखी एक बाजू लोकांना आवर्जून सांगितली पाहिजे. वाहक व्यक्तींना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले. रानावनात, हिवतापाच्या छायेत पिढ्यान् पिढ्या जगलेल्या समाजांत हे जनुक टिकून राहिले ते त्यामुळेच. ते कोणाच्या पापाचे फळ नाही, देवीचा कोप नाही आणि कोणी केलेली करणीही नाही. मात्र प्रत्यक्ष रुग्णाला हिवतापापासून संरक्षण नसते. उलट त्याला हिवताप अधिक धोक्याचा ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

न दिसणारा भार

आता मनाच्या भाराकडे वळू. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर अंग तापलेले हाताला लागते. सिकलसेलची वेदना अशी दिसत नाही. काल मैदानात हसतखेळत असलेले मूल आज हातपाय आवळून कण्हत पडते आणि चार दिवसांनी पुन्हा वर्गात येऊन बसते. पाहणाऱ्याला वाटते, हे सोंग आहे. अभ्यास टाळण्याचे निमित्त आहे. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. या मुलाचे जळत असते आणि वर ते जळते हे पटवूनही द्यावे लागते. वेदनेहून हे पटवून देणे पुष्कळदा अधिक थकविणारे असते.

दुसरा भार अनिश्चिततेचा. वेदनेचा झटका केव्हा येईल, हे सांगता येत नाही. परीक्षेच्या सकाळी येईल, बहिणीच्या लग्नात येईल, धानाच्या रोवणीत गुडघाभर पाण्यात उभे असताना येईल. म्हणून चांगल्या दिवसांवरही वाईट दिवसांची सावली पडते. साधी कंबर अवघडली तरी छातीत धस्स होते. रात्री झोप लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची वेदना अधिकच तीव्र वाटते.

तिसरा भार अपराधाच्या भावनेचा. मुलाचे दुखणे पाहून आई स्वतःला दोष देते, आणि अनेक घरांत तसा दोष देण्यास इतरही तयारच असतात. सासरची माणसे सुनेच्या माहेराकडे बोट दाखवितात. बापाची मजुरी बुडते, दवाखान्यासाठी उसनवारी होते आणि मोठा होणारा मुलगा मनातल्या मनात समजतो की घराच्या दैन्याचे कारण आपणच. तरुण वयात लग्नाचा प्रश्न उभा राहतो. वाहक असलेल्या मुलीलाही रुग्ण समजून नाकारले जाते. अशा वेळी आजार लपविण्याकडे कल होतो, आणि लपविलेला आजार मनाला अधिकच पोखरतो.

हा भार केवळ मनापुरता राहत नाही. मनावर ताण आला की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हा शरीराचा नियम आहे. सिकलसेलच्या रुग्णांतही मानसिक ताणाने हातांतील रक्तप्रवाह कमी होतो, असे अमेरिकेतील एका प्रयोगात आढळले व तो निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या वाहिन्यांत पेशी अडकण्याचा धोका आधीच आहे, त्याच्या दृष्टीने हे आकुंचन क्षुल्लक नव्हे. थंडी, ऊन, पाण्याची कमतरता, अतिश्रम व जंतुसंसर्ग यांच्याप्रमाणेच ताण हेही झटक्याचे एक निमित्त मानले जाते. तथापि याचा विपरीत अर्थ कोणी काढू नये. आजार रक्तातला आहे, मनाचा खेळ नव्हे. मनाची काळजी घ्यावयाची ती रक्तावरील उपचारांच्या जोडीने.

दोन बाण

पाली वाङ्मयातील संयुत्त निकायात ‘सल्ल सुत्त’ नावाचे एक सूत्र आहे. त्यातील दृष्टान्त आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. एखाद्याला बाण लागतो व त्याला वेदना होते. आणि पाठोपाठ दुसरा बाण येऊन त्याला लागतो. पहिला बाण शरीराच्या दुःखाचा. दुसरा बाण मनाचा: शोकाचा, भीतीचा, संतापाचा. शिकविलेल्या मनाच्या माणसालाही पहिला बाण चुकत नाही. पण तो दुसरा बाण लागू देत नाही, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे.

मन चिंती ते वैरी न चिंती, ही आपली म्हणही हेच सांगते. गुडघा दुखू लागतो, हा पहिला बाण. ‘आता हे वाढणार, पुन्हा सलाईन लावावे लागणार, बाबांची मजुरी बुडणार, माझे वर्ष वाया जाणार, मी कोणाच्याच कामाचा नाही’, ही विचारांची माळ म्हणजे दुसरा बाण. पहिल्या बाणावर औषध आहे, पाणी आहे, ऊब आहे, विश्रांती आहे. दुसऱ्या बाणावर उपाय आहे सजगतेचा.

सजगता म्हणजे काय? या क्षणी शरीरात व मनात जे घडत आहे त्याकडे जाणीवपूर्वक, शांतपणे व बरेवाईट न ठरविता लक्ष देणे. पाली भाषेत यासाठी ‘सति’ हा शब्द आहे. संस्कृतातील ‘स्मृती’चे ते रूप. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ साली झालेल्या धर्मदीक्षेनंतर विदर्भातील अनेक घरांना या परंपरेची ओळख झाली. इगतपुरी येथे १९७६ साली सुरू झालेल्या विपश्यना केंद्रामुळे राज्याच्या इतर भागांतही तिचा परिचय वाढला. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांसाठी याच तत्त्वावर एक वर्ग सुरू केला. ज्यांना औषधाने पुरेसा आराम पडत नव्हता असे रुग्ण तेथे येत. पुढे हा वर्ग आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून रूढ झाला आणि अनेक देशांतील रुग्णालयांनी तो स्वीकारला. त्यात पूजा नाही, मंत्र नाही, कोणत्याही धर्माचा विधी नाही. म्हणूनच तो शाळेत, दवाखान्यात व सर्व समाजांच्या घरांत सारख्याच मोकळेपणाने नेता येतो.

अभ्यास कसा करावा

तहान लागल्यावर विहीर खोदून उपयोग नाही. त्याचप्रमाणे वेदनेने अंग पिळवटत असताना प्रथमच सजगता शिकू म्हटले तर ते साधणार नाही. अभ्यास बऱ्या दिवसांत करावयाचा, रोज थोडा करावयाचा. सकाळी पाच मिनिटे व झोपण्यापूर्वी पाच मिनिटे एवढा वेळ प्रारंभी पुरे.

पहिला अभ्यास श्वासाचा. पाठ टेकून आरामात बसावे किंवा पडून राहावे. थंड फरशीवर बसू नये. घोंगडी वा सतरंजी घ्यावी. डोळे मिटावेत किंवा अर्धे उघडे ठेवावेत. नाकाशी येणारा-जाणारा श्वास किंवा पोटाची हालचाल यांकडे लक्ष द्यावे. श्वास मुद्दाम लांबवू नये. श्वास रोखून धरण्याचे प्रकार या रुग्णांनी टाळावेत. मन भटकेल, ते भटकणारच. वासरू दावे तोडून पळाले तर आपण त्याला न मारता परत आणतो, तसे मनाला परत श्वासावर आणावे. दहा वेळा पळाले तर दहा वेळा आणावे. हे परत आणणे हाच अभ्यास होय.

दुसरा अभ्यास शरीराच्या निरीक्षणाचा. निजून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर क्रमाने लक्ष न्यावे. तेथे ऊब आहे की गारवा, जडपणा आहे की हलकेपणा, एवढेच पाहावे. दुखरी जागा आली तर तिच्याशी भांडू नये. दुखणे तेवढेच राहते की कमीजास्त होते, ठणकते की ओढल्यासारखे होते, हे क्षणभर पाहावे आणि पुढे जावे. यातून एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. पाय दुखत असताना तळहात स्वस्थ असतो. पाठ दुखत असताना चेहऱ्यावर वाऱ्याची झुळूक जाणवते. ‘मी म्हणजे वेदनाच’ असे वाटत होते, तेथे ‘माझ्या पायात वेदना आहे’ इतकी मोकळीक मिळते. ही मोकळीक लहान दिसते, पण झटक्याच्या रात्री तिचे मोल फार असते.

तिसरा अभ्यास विचार ओळखण्याचा. भीतीचा विचार आला की मनाशी म्हणावे, ‘हा भीतीचा विचार आला.’ राग आला की, ‘हा राग आला.’ विचाराला नाव दिले की त्याची पकड थोडी सैल होते. तो हुसकावून लावू नये व त्याच्यामागे धावूही नये. आकाशातून ढग जातो तसा तो जाऊ द्यावा. लहान मुलांना हे खेळाच्या रूपाने शिकविता येते. पोटावर एखादे हलके खेळणे ठेवून ते श्वासाबरोबर वर-खाली होताना पाहणे हा सात-आठ वर्षांच्या मुलाला जमणारा व आवडणारा अभ्यास आहे.

काही जणांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिल्याने उलट घाबरल्यासारखे होते. त्यांनी हट्टाने पुढे जाऊ नये. डोळे उघडे ठेवून पाखरांचे आवाज ऐकावेत, जमिनीवर टेकलेल्या तळव्यांकडे लक्ष द्यावे, किंवा मोहाची फुले निवडणे, तांदूळ पाखडणे, शिवण घालणे यांसारखे हाताचे हलके काम पूर्ण अवधानाने करावे. सजगता तेथेही आहे. हा अभ्यास रुग्णाबरोबर त्याच्या आईने व इतर सांभाळणाऱ्यांनीही केला तर अधिक चांगले. कारण रात्र रात्र जागणाऱ्या आईचे मनही तितकेच थकलेले असते.

मर्यादा ओळखणे आवश्यक

या उपायाविषयी अवास्तव अपेक्षा कोणी निर्माण करू नये. सजगतेने विळ्याच्या आकाराच्या पेशी गोल होत नाहीत व हिमोग्लोबिन वाढत नाही. दीर्घकालीन वेदनेच्या इतर रुग्णांत या अभ्यासाचा मध्यम स्वरूपाचा लाभ दिसून आला आहे. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णांवर झालेले प्रयोग थोडे व लहान गटांपुरते आहेत. ते आशादायक आहेत, एवढेच म्हणता येईल. अभ्यास बिनखर्ची आहे व नीट केल्यास निरुपद्रवी आहे, हे त्याचे बळ होय. पण तो औषधाच्या जागी आला तर तोच घातक ठरेल.

म्हणून काही लक्षणे प्रत्येक शिक्षकाने व पंचायत सदस्याने पाठ करून ठेवावीत. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, एकाएकी हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळू लागले, मूल अचानक पांढरेफटक पडून त्याच्या पोटात डावीकडे फुगवटा आला, पुरुषाच्या लिंगाला दुखरी ताठरता येऊन ती उतरेना, किंवा नेहमीच्या औषधाने वेदना आटोक्यात येईना, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास दवाखान्यात पोहोचवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी ‘शांत राहा, श्वासाकडे लक्ष दे’ असे सांगत घरी बसणे हा अक्षम्य अपराध होईल. दवाखान्याच्या वाटेवर मात्र हाच श्वासाचा अभ्यास रुग्णाला आधार देऊ शकतो.

त्याचप्रमाणे डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिले असेल तर ते नेमाने घेणे व ठरल्या वेळी रक्त तपासून घेणे यात खंड पडू नये. या औषधाने अनेक रुग्णांत झटक्यांची संख्या कमी होते. भरपूर पाणी, ऊबदार कपडे, लसीकरण व हिवतापापासून बचाव या गोष्टींना पर्याय नाही.

मनाचे दुखणे अभ्यासाने आवरेनासे झाले, रुग्णाची अन्नावरची वासना उडाली, तो कोणाशी बोलेनासा झाला किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये व जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तो आपल्या कार्यालयाच्या व शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

दुसरा बाण कोणाच्या हातून सुटतो?

आता मी माझ्या भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दुसरा बाण नेहमी रुग्णाच्या स्वतःच्या मनातूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्या हातून सुटतो. ‘तुझे रोजचेच आहे’ हे शिक्षकाचे वाक्य, ‘यांच्या घरात तो रोग आहे’ ही गावातील कुजबूज, ‘एवढे काही दुखत नसेल’ हा दवाखान्यातील उद्गार, हे सर्व दुसरे बाणच आहेत. रुग्णाला सजगता शिकवावयाची आणि आपण मात्र बेसावध राहून बाण सोडीत राहावयाचे, हे न्याय्य नव्हे. ‘मनाने खंबीर हो’ असा उपदेश करून आपली जबाबदारी टाळण्यासाठी सजगतेचा वापर होता कामा नये. सजगतेचा पहिला धडा आपणा सर्वांसाठी आहे.

शिक्षकांसाठी काही गोष्टी सांगतो. मूल दुखते म्हणाले तर प्रथम त्यावर विश्वास ठेवावा. शहानिशा मागाहून करता येते. या मुलांची मूत्रपिंडे लघवी पुरेशी दाट करू शकत नाहीत, म्हणून त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि पुष्कळ मुलांचे अंथरूण रात्री ओले होते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात यासाठी मुलाला शिक्षा होता कामा नये व चारचौघांत त्याची शोभाही होता कामा नये. पाण्याची बाटली वर्गात जवळ ठेवू द्यावी. हिवाळ्यात त्याला थंड पाण्याने अंघोळ करावयास लावू नये. धावण्याची सक्ती नको, पण खेळातून कायमचे बाहेरही काढू नये. आपल्या सोसण्याप्रमाणे त्याला खेळू द्यावे. बुडालेला अभ्यास भरून काढण्याची व्यवस्था करावी. परिपाठानंतर सर्व वर्गाने मिळून पाच मिनिटे श्वासाचा अभ्यास केला, तर आजारी मूल वेगळे पडणार नाही आणि त्याचा लाभ साऱ्यांनाच होईल.

पंचायत सदस्यांनी गुप्ततेचे महत्त्व जाणावे. कोणाचा अहवाल काय आला, याची वाच्यता ग्रामसभेत किंवा चावडीवर होता कामा नये. विवाहापूर्वी दोन्ही बाजूंची तपासणी व्हावी यासाठी प्रोत्साहन द्यावे. मात्र तो निर्णय त्या तरुण-तरुणींनी समुपदेशनानंतर समजून-उमजून घ्यावयाचा आहे. सार्वजनिक कामांवर अशा मजुराला सोसेल असे काम, सावली व पिण्याचे पाणी मिळेल असे पाहावे. रात्री-अपरात्री रुग्ण हलविण्यासाठी गावात कोणाचे वाहन मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे. ‘झटका आला तर गाव धावून येईल’ हा विश्वास म्हणजे त्या कुटुंबाच्या भीतीवरील मोठे औषध होय.

अधिकारी वर्गाकडून दोन अपेक्षा आहेत. एक म्हणजे औषधांच्या पुरवठ्यात खंड पडू नये व वेदनेने आलेल्या रुग्णावर तत्काळ उपचार व्हावेत. दुसरी म्हणजे हक्काच्या गोष्टी मिळविण्यासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावे लागू नयेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पात्र रुग्णाला प्रमाणपत्र मिळवून देणे व त्याखालील सवलतींची माहिती त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. १७ राज्यांतील सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करणे व २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू न देणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीत ज्याचा आजार उघड होतो, त्याच्या जीवनात त्या दिवसापासून एक नवी चिंता सुरू होते. अहवालाचा कागद हाती देताना पाच मिनिटे जवळ बसून धीराचे चार शब्द बोलणे, हा त्या तपासणीचाच भाग मानला पाहिजे.

बंधुभगिनींनो, पहिला बाण निसर्गाचा आहे. तो पूर्णपणे थोपविण्याचे सामर्थ्य आज आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही. दुसऱ्या बाणाचे तसे नाही. तो रुग्णाच्या मनातून येत असेल तर अभ्यासाने बोथट करता येतो. आपल्या हातून सुटत असेल तर आजच आवरता येतो. त्यासाठी निधीची, नव्या इमारतीची किंवा वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. उद्या वर्गात, दवाखान्याच्या रांगेत किंवा पंचायतीच्या ओट्यावर कोणी ‘मला दुखते आहे’ असे म्हणाले, तर हातातील काम क्षणभर बाजूला ठेवून त्याचे पूर्ण ऐकून घ्या, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.